फियाट ११०० डी, १:२४ : काळी-पिवळी टॅक्सी मुळापासून बांधताना

मीटरडाऊन

नमस्कार मंडळी. पुष्कळ दिवस नुसता घोळत असलेला बेत आता टेबलावर आलाय: मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाटचं १:२४ प्रमाणातलं मॉडेल, किट न घेता. खेळण्यांच्या दुकानात मागे ओढून सोडायच्या टॅक्स्या मिळतात, पण त्यांचा टप फुगलेला आणि चाकं ट्रॅक्टरची. त्यांच्यावर डिटेलिंग करत बसण्यापेक्षा बॉडीच नवी करू म्हटलं.

पहिल्यांदा गाडी पक्की केली, कारण नुसतं 'फियाट' म्हणून भागत नाही. ११०० डी आपल्याकडे १९६४ मध्ये 'डिलाइट' म्हणून आली, १९७२ मध्ये तिचं 'प्रीमियर प्रेसिडेंट' झालं आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी'. सांगाडा तोच, पण जाळी, चिन्हं, आतली सजावट बदलत गेली. नेटवर 'मुंबई टॅक्सी' शोधलं की नव्वदीनंतरच्या पद्मिनींचे फोटो धबाधब येतात आणि माणूस नकळत त्यावरूनच काम करायला लागतो. मी १९६८ धरलंय. त्यामुळे गाडीवर 'पद्मिनी' हे अक्षर कुठेही येणार नाही.

मापं: व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर) २३४० मिमी, म्हणजे मॉडेलवर ९७.५. लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे १६३ मिमीच्या आसपास. टायर ५.२०-१४, मॉडेलवर २५ मिमीच्या आतबाहेर व्यास. समोरून, बाजूने, मागून अशी रेखाटनं इटलीतल्या जुन्या माहितीपत्रकावरून घेतली आणि व्हीलबेस ९७.५ भरेपर्यंत झेरॉक्स लहान-मोठी करत बसलो. झेरॉक्सवाला अजून हसतोय.

पद्धत जुनीच. शिवणीच्या लाकडाचा ठोकळा कोरायचा, त्यावर गरम करून मऊ पडलेली १ मिमी पॉलिस्टायरीन शीट ओढायची, खालून व्हॅक्यूम क्लीनरने हवा खेचायची. भोकं पाडलेला डबा घरीच केला. शीटची जाडी बॉडीवर बाहेरून येते, म्हणून ठोकळा प्रत्येक बाजूने १ मिमीने बारीक ठेवलाय. फियाटची कूस खाली आत वळते. एकसंध ठोकळ्यावर बॉडी ओढली तर ती निघणारच नाही. म्हणून ठोकळा उभा तीन भागांत कापला: मधली पाचर आधी उपसायची, मग दोन्ही बाजू आत सरकवून काढायच्या. बॉडी स्वच्छ सुटली आहे. खिडक्या कापायच्या आहेत, दारांच्या रेषा कोरायच्या आहेत.

आता पुढचं विचारायचंय. रंग कुठल्या क्रमाने? क्रोमचं काय? आणि मुख्य म्हणजे गाडी शोरूममधून आत्ता निघालेली करू की रस्त्यावर काही वर्षं धावलेली?

दोन_पैसे

बेत झकास. पण 'विंटेज' या विभागात धागा? विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० या काळातल्या गाड्या. फियाट ११०० डी फार तर क्लासिक.

मीटरडाऊन

@दोन_पैसे, ती व्याख्या इंग्लंडची. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांत ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी-चारचाकी 'विंटेज' धरली आहे, नोंदणीही वेगळ्या 'व्हीए' मालिकेत. १९६८ ची गाडी त्यात सहज बसते. माझी तर अजून जन्मलीही नाही, तेव्हा आरटीओला त्रास नाही.

दोन_पैसे

मान्य. पुढे चला.

वॉटरपेपर

क्रमाबद्दल सांगतो. पिवळा आधी, काळा नंतर. याला पर्याय नाही. पिवळ्याला झाकायची ताकद कमी असते. काळ्यावर पिवळा मारायला गेलात तर रंगाचा थर वाढत जाईल, टपाच्या कडेची पन्हळ बुजेल आणि शेवटी रंग हिरवट दिसेल. सगळ्या बॉडीला प्रायमर, टपापुरता पांढरा थर (काही लोक फिका गुलाबी देतात, पिवळ्यात ऊब येते), मग पिवळा. तो पूर्ण वाळला की टप झाकून बाकी गाडी काळी.

झाकायला हार्डवेअरच्या दुकानातली मास्किंग टेप थेट लावू नका, तिची कड दातेरी असते. काचेवर चिकटवून नव्या ब्लेडने कड कापून घ्या. टेप लावली की काळ्याआधी कडेवर पुन्हा एक हलका पिवळाच हात मारायचा. टेपखाली जायचं ते पिवळंच जाईल, फट बंद होईल, मग काळा आत शिरत नाही. रेष ब्लेडने कापल्यासारखी येते.

काळा शुद्ध काळा नको. खरी गाडी दहा-पंधरा फुटांवरून पाहतो तेव्हा मधली हवा आणि उजेड मिळून काळा थोडा फिका पडलेला असतो. मॉडेल हातभर अंतरावरून पाहतो. शुद्ध काळा मारलात तर सगळे बाक, रेषा गिळले जातात आणि हातात एक काळा गोळा राहतो. काळ्यात चमचाभर गडद करडा किंवा तपकिरी घाला, एवढ्याने दारांच्या रेषा वाचता येतात.

तुमच्याकडचा रंग कुठला आहे? गॅरेजवाल्यांचा एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर) असेल तर जपून. त्याचा थिनर पॉलिस्टायरीन खातो, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात. प्रायमरचे पातळ, कोरडे हात आधी द्या आणि पहिला प्रयोग उरलेल्या शीटच्या तुकड्यावर. बाकी नियम एकच: लॅकरवर इनॅमल चालतं, इनॅमलवर लॅकर नाही. खालचा थर सुरकुततो.

आणि मुंबईत असाल तर पाऊस उघडेपर्यंत तकतकीत काळ्याला हात लावू नका. लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि काळ्यावर पांढरट धुरकटपणा येतो. रिटार्डर (रंग सावकाश वाळवणारा द्रव) घालून थोडं सावरता येतं, पण ऑक्टोबरचं ऊन फुकट मिळतं ते का सोडा?

मीटरडाऊन

@वॉटरपेपर, एनसीच आहे. पन्हळीबद्दल बरं सांगितलंत. मी ती बॉडी ओढतानाच येईल असं धरून ठोकळ्यावर कोरली होती, पण शीटमधून ती अगदी बोथट आली. आता तासून टाकून ०.५ मिमीची पट्टी चिकटवणार आहे.

वॉटरपेपर

बरोबर. व्हॅक्यूमच्या बॉडीवर धारदार असं काहीच येत नाही. पन्हळ, दारांच्या कड्या, बाजूची क्रोमपट्टी, जाळीची चौकट हे सगळं नंतर वरून. त्या बॉडीकडे गाडी म्हणून बघू नका, कच्चा पत्रा म्हणून बघा.

थ्रीडी_पाटील

हे सगळं वाचून दमलो राव. २०२० उलटून गेलं. संगणकावर ब्लेंडर सॉफ्टवेअरमध्ये बॉडी उभी करा, रेझिन प्रिंटरवर ०.०५ मिमीच्या थरांत छापा. पन्हळ पण येईल, दाराची कडी पण येईल. एकदा फाइल झाली की १:२४ काय, १:४३ काय, बटण दाबायचं.

वॉटरपेपर

@थ्रीडी_पाटील, फाइल कोण करणार? संगणकावर टप फुगीर झाला तर छापून पण फुगीरच येणार. आणि बटण दाबून प्रमाण बदलत नाही हो. १:२४ ला ०.५ मिमीची कडी १:४३ ला ०.२८ होते, छापताना आधाराला येणाऱ्या काड्या (सपोर्ट) काढतानाच मोडेल.

थ्रीडी_पाटील

मोडते, कबूल. १:४३ ला कड्या वेगळ्या जाड कराव्या लागतात. पण जाळी, चाकांच्या टोप्या, मीटरची पेटी असे बारीक भाग तरी छापून घ्या. पाच एकसारख्या चाकटोप्या (स्टेपनी धरून) हाताने करणं म्हणजे शिक्षा आहे. फाइल मी करून देतो, फोटो धाडा. एक सूचना: छापलेला भाग नीट धुऊन, उजेडात पूर्ण पक्का करूनच प्रायमर मारा. कच्चं रेझिन आत राहिलं तर महिन्याभराने रंगातून घामासारखं बाहेर येतं.

मीटरडाऊन

पाटीलसाहेब, हे घेतलं. चाकटोप्या तुमच्या, बॉडी माझी.

कुर्लेकर_काका

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. माझं मॉडेलबिडेलमधलं ज्ञान शून्य, पण या गाडीखाली बरीच वर्षं पाठ टेकली आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: ही गाडी आमच्या कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याला गाड्या जोडायला लागले. आधी अमेरिकन डॉज, प्लिमथ वगैरे. फियाट पन्नाशीत आली. ११०० डीच्या आधी ११००-१०३ होती. तिला सगळी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणायची. तिची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागऱ्या मागे. तुमच्या गाडीची दारं सरळ आहेत. फोटो गोळा करताना दोन्ही गाड्यांचे एकात मिसळू नका, लोक दोघींनाही 'जुनी फियाट' म्हणूनच फोटो टाकतात.

इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ चा बोअर आणि ७५ चा स्ट्रोक. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चार. पुढची सीट सलग बाकडं, मधे काही नाही. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). तुम्ही गाडी उलटी करून दाखवणार असाल तर पाटे दाखवा, कारण टॅक्सीचा सगळा स्वभाव त्या पाट्यांत असतो. डिकीत सामान आणि मागे तीन माणसं बसली की गाडी शेपटीवर बसायची. मोकळी उभी असली की मागून थोडी वर. तुमची गाडी मोकळी की भरलेली, त्यावर मागच्या चाकाच्या वरची फट ठरेल.

तुमचा शेवटचा प्रश्न, नवी की धावलेली. टॅक्सी नवी अशी फार थोडे दिवस असते. पण म्हणून चिखलात लोळवून आणू नका. मालक-ड्रायव्हर रोज सकाळी बादली-फडकं घेऊन गाडी पुसायचे, काळा रंग लखलखायचा. गंज लागायचा तो खाली, दाराच्या तळाशी, चाकाच्या कमानीच्या आत, जिथे समुद्राचं खारं पाणी आणि पावसाचा चिखल अडकून राहतो. आणि टॅक्सीवर एक मडगार्ड तरी नंतर रंगवलेलं असतंच. त्याचा काळा बाकीच्या काळ्याशी जुळत नाही.

अबोली

काका, शेवटचं वाक्य भारीच. जुळत नाही तो काळा!

मीटरडाऊन

काका, दंडवत. तुमच्या एका प्रतिसादाने माझा नवी-जुनी प्रश्न मिटला. गाडी १९६८ ची, पण दाखवायचा दिवस चार-पाच वर्षांनंतरचा. पुसलेली, खाली गंजायला लागलेली, एक मडगार्ड वेगळं. ते मडगार्ड डावं पुढचं करतो, म्हणजे मीटरच्या जवळ नजर जाईल तिथे.

कुर्लेकर_काका

डावं पुढचं चालेल. बसवाले तिथेच घासायचे.

लेकसाइड

टोरांटोहून लिहितेय. 'कोणत्या वर्षाची गाडी' हा मुद्दा मला अगदी पटला, कारण सध्या तोच माझ्या टेबलावर आहे. मी १९१३ ची फोर्ड मॉडेल टी करतेय, आयसीएम कंपनीचं १:२४ किट. घरातल्या प्रत्येकाने विचारलं, काळी का नाही? कारण फोर्डने सगळ्या गाड्या काळ्याच विकल्या हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खरं आहे ते १९१४ ते १९२५ पुरतं. १९१३ ची गाडी गडद निळी, मडगार्ड काळे. निळा इतका गडद की जुन्या फोटोंत काळाच वाटतो.

टायरचं तर त्याहून मजेशीर आहे. तेव्हा टायरच्या रबरात काजळी घालत नसत, म्हणून ते पांढरट-करडे असायचे. काळे टायर लावले की गाडी आपोआप पाच-सात वर्षांनी पुढे जाते. दिवे विजेचे नाहीत, अ‍ॅसिटिलीन वायूचे. पायरीवर कार्बाइडची टाकी आणि तिथून दिव्यांकडे जाणारी रबरी नळी. किटमध्ये टाकी आहे, नळी नाही. ती मी काळ्या प्लास्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ओढून काढलेल्या तंतूची केली. रेडिएटर पितळी, कारण पितळी रेडिएटर १९१६ पर्यंत चालले, १९१७ पासून काळे. म्हणजे एकाच नावाच्या गाडीत तीन वर्षं इकडे-तिकडे झाली की रंग, दिवे, रेडिएटर सगळंच बदलतं. तुमच्या जाळी आणि चिन्हांसारखंच.

आता क्रोमबद्दल. पातळ चिकट धातूचा कागद मिळतो, बेअर मेटल फॉइल नावाने. बाजूची पट्टी, खिडक्यांच्या चौकटी, पाव-काचेची (दारातल्या छोट्या तिकोनी काचेची) चौकट यांना त्याच्याइतकं चांगलं काही नाही. कापसाच्या काडीने दाबत न्यायचा, टूथपिकने कोपऱ्यात बसवायचा, अगदी नव्या ब्लेडने कापायचा. बंपरसारख्या गोलाईला मात्र तो सुरकुततो. तिथे तकतकीत काळ्यावर अल्क्लॅड कंपनीचा क्रोम रंग, एअरब्रशने, जवळजवळ कोरड्या हाताने. त्यावर वार्निश मारू नये. मारलं की क्रोमचं अ‍ॅल्युमिनियम होतं.

नवशिक्या

लेकसाइड ताई, इकडे ते फॉइल सहज मिळत नाही. स्वयंपाकघरातलं चालेल का?

लेकसाइड

जाड पडतं, कड दिसते. चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी त्यापेक्षा पातळ असते. तिची मागची कागदी बाजू कोमट पाण्यात भिजवून सोडवायची, मागे फॉइलचा गोंद किंवा अगदी पातळ केलेलं वार्निश लावायचं आणि चिकटसर झालं की बसवायचं. चॉकलेट आधी खाऊन टाकावं लागतं, हा त्यातला कठीण भाग.

आरेखन

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे मॉडेल म्हणजे आमचं रात्रीचं जेवण. १:२४ बद्दल एक: यात एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच. म्हणून फूट-इंचात विचार करणाऱ्यांना हे प्रमाण सोपं. १:४३ हे खेळण्यातल्या रेल्वेवरून आलंय, एका फुटाला ७ मिमी. काकांसारख्या माणसाने तोंडी सांगितलेली फूट-इंचातली मापं १:२४ ला हिशेब न करता उतरवता येतात.

काचांबद्दल कुणी बोललं नाही. खरी काच ५ मिमी धरली तर मॉडेलवर ०.२ मिमी. म्हणजे अ‍ॅक्रिलिक शीट नको, ओव्हरहेडची पारदर्शक फिल्म किंवा शर्टाच्या खोक्यावरचं प्लास्टिक पुरे. चिकटवायला इन्स्टंट ग्लू अजिबात नको. त्याची वाफ काचेवर पांढरी धरते आणि पुसून जात नाही. पांढरा फेविकॉल पातळ लावा, वाळल्यावर पारदर्शक होतो, चुकला तर पाण्याने निघतो.

मीटरडाऊन

@आरेखन, पुढची काच गोलाईची आहे. फिल्म वाकवून ठेवली तर ताण राहील, पांढऱ्या गोंदाने धरेल का?

आरेखन

नाही धरणार. फिल्म आधी गरम पाण्यात बुडवून बाटलीवर गुंडाळा, थंड होऊ द्या. बाक कायमचा बसला की ताण उरत नाही.

अबोली

दिव्यांसाठी एक युक्ती. घागरा-चोळीवर शिवायचे आभले असतात ना, ते अगदी छोट्या मापातही मिळतात. मी भरतकाम करते, माझ्याकडे डबाभर आहेत. मागे परावर्तक म्हणून आभला आणि वर भिंग म्हणून गोळ्यांच्या पट्टीचा पारदर्शक फुगा. हव्या त्या मापाची दांडी गरम करून फुग्यात दाबली की व्यास जुळतो. पुढचे दिवे मॉडेलवर किती येतात?

मीटरडाऊन

फोटोवरून मोजले तर ७ मिमीच्या आसपास. अबोलीताई, आभल्यांची कल्पना माझ्या डोक्यात शंभर वर्षांत आली नसती.

अबोली

७ चे आहेत माझ्याकडे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. आणि सीटसाठी जुन्या पर्सचं रेक्झिन वापरू नका, त्याचा पोत १:२४ ला फार मोठा दिसतो. रंगवलेला पातळ कागद बरा. शिवणीच्या रेषा बोथट सुईने मागून ओढा, पुढे उठून येतात.

वॉटरपेपर

कॅरिअरचं काय करताय? टॅक्सीच्या टपावरचं कॅरिअर नसेल तर काहीतरी राहिल्यासारखं दिसेल.

मीटरडाऊन

प्लास्टिकच्या काड्यांचं करायचं म्हणत होतो.

वॉटरपेपर

नको. अर्ध्या इंचाचा पाइप १:२४ ला जवळपास ०.५ मिमी होतो. त्या जाडीची प्लास्टिकची काडी नुसत्या बघण्याने वाकते. ०.५ ची पितळी तार घ्या आणि सोल्डरने डाग देऊन जोडा. लाकडी फळीवर रेखाटन चिकटवा, प्रत्येक वळणाशी टाचणी ठोका, त्यात तारा अडकवा म्हणजे डाग देताना हलणार नाहीत. आधी बाहेरची चौकट, मग आडव्या, शेवटी पाय. नाहीतर एक सांधा करताना दुसरा सुटतो. फ्लक्स (डाग देताना लावायचा द्राव) लगेच धुऊन टाका, नाहीतर रंगाखाली पितळ हिरवं पडतं.

पुण्यात असाल तर तार बोहरी आळीत मिळेल, बारीक सोल्डर तपकीर गल्लीत.

मीटरडाऊन

मुंबईत आहे, लोहार चाळीला एक फेरी मारतो.

कुर्लेकर_काका

कॅरिअर टपाच्या पत्र्यावर टेकत नाही हां. त्याचे पाय पन्हळीत अडकवलेले असतात. पत्र्यावर टेकवलंत तर पहिल्या ट्रंकेला टप दबेल.

मीटरडाऊन

बघा, हे कुठल्या माहितीपत्रकात मिळणार होतं! काका, मीटरबद्दलही सांगा ना. डाव्या मडगार्डवर बाहेर हे माहीत आहे, पण नेमकं तोंड कुठे?

कुर्लेकर_काका

आकडे काचेतून आतल्या माणसाला दिसले पाहिजेत, म्हणजे तोंड मागे, प्रवाशाकडे. बाहेरच्या बाजूला झेंडी. रिकामी असताना झेंडी उभी, भाडं मिळालं की ड्रायव्हर डावा हात बाहेर काढून, नाहीतर उतरून ती खाली करणार. मीटर थेट पत्र्यावर नव्हे, खाली लोखंडी पट्टीचं स्टँड. आणि मीटरमधून एक केबल खाली आत जाते, चाकं किती फिरली ते कळायला. ती केबल विसरलात तर मीटर फुकट.

थ्रीडी_पाटील

पेटी आणि झेंडीची फाइल झाली. स्टँड पितळी पट्टीचा करा, छापलेला मोडेल. हो, आता मीच म्हणतोय.

दोन_पैसे

नंबरप्लेट? 'एमएच ०१' टाकू नका म्हणजे मिळवली.

मीटरडाऊन

नाही टाकणार. एमएच १९८९ नंतरचं. १९६८ ला तीन अक्षरं आणि पुढे आकडे अशी पद्धत. अक्षरं कुठली ते एखाद्या त्या काळच्या फोटोवरून घेईन, आकडा मात्र मनचा, कुणाच्या खऱ्या गाडीचा नको. टॅक्सीच्या पाटीचा रंगही फोटोवरूनच, आजची पिवळी पाटी सवयीने लागायची.

लेकसाइड

छापताना लक्षात ठेवा, घरच्या प्रिंटरला पांढरा रंग नसतो. पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकल कागदावर (पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायच्या चित्राचा कागद) भोवतालचा काळा छापायचा आणि अक्षरं कोरी सोडायची. इंकजेट असेल तर पाण्यात टाकण्याआधी वार्निशचे दोन-तीन हात, नाहीतर सगळी शाई ताटलीत.

नवशिक्या

मला असं काहीतरी करायचंय पण हातात कधी ब्लेड धरलेलं नाही. डायरेक्ट फियाट घेऊ का?

वॉटरपेपर

नको रे बाबा. एखादं साधं १:२४ चं किट घे, नट-बोल्ट मोजत बसू नकोस, फक्त बॉडीचा रंग आणि काचा या दोन गोष्टी नीट कर. वॉटर पेपर ४०० पासून सुरू कर, १००० वर थांब, पॉलिशसाठी २०००. पाणी लावून घासायचं, कोरडं नाही. धूळ नाकात जात नाही आणि कागद चोंदत नाही. पहिलं झालं की दाखव, मग बोलू.

मीटरडाऊन

अपडेट. खिडक्या कापल्या, पन्हळीची पट्टी बसली, प्रायमरचे हात झाले. प्रायमरमध्ये बॉडी प्रथमच सलग दिसली आणि मागच्या पंखांची उंची दोन्हीकडे सारखी नाही हे कळलं. उजवीकडे एम-सीलचा पातळ लेप देऊन घासतोय. डॅशबोर्डाचं काम सुरू आहे. माहितीपत्रकातली गाडी इटलीची, स्टिअरिंग डावीकडे. आपल्याकडे उजवीकडे, म्हणून रेखाटन आरशात धरल्यासारखं उलटं केलं. पण मग सगळंच उलटं करायचं की काही गोष्टी जागच्या जागी राहतात?

कुर्लेकर_काका

सगळं उलटं करू नका. स्टिअरिंग, घड्याळं, पेडल इकडचे तिकडे. पण गिअरच्या दांड्याची चाल, हँडब्रेक यांचं आरशात बघून नाही ठरत. माझ्या पुतण्याच्या ओळखीत एकाकडे चालू स्थितीतली ११०० डी आहे. विचारून ठेवतो, आत बसून फोटो काढा, फूटपट्टी धरून. वायपरही तिथेच बघून घ्या, उभे असताना कुठल्या बाजूला झोपतात ते. परवा मॉडेलांच्या प्रदर्शनात एक गाडी पाहिली, स्टिअरिंग उजवीकडे आणि वायपर परदेशी गाडीचे.

मीटरडाऊन

काका, कधी म्हणताय? शनिवार-रविवार मी मोकळा आहे. फूटपट्टी, व्हर्निअर आणि टॉर्च घेऊन येतो.

वॉटरपेपर

जाताय तर टपाचा पिवळा मागच्या खांबावर कुठे थांबतो याचे दोन्ही बाजूंनी फोटो आणा, गाडी टॅक्सी असेल तर. आणि नसली तरी खांबाचा बाक मोजून आणा. तुमच्या प्रायमरच्या फोटोत मागची काच मला जरा जास्तच उभी वाटतेय.

कुर्लेकर_काका

खासगी आहे, फिकी हिरवी. टॅक्सी नाही. रविवारी सकाळी नऊ, चेंबूर. चहा त्यांच्याकडे.